रंगपटातील परकायाप्रवेश



आपल्यापैकी ज्यांचे बालपण खेड्यात किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी गेले असेल, त्यांना बहुरूपी नक्कीच आठवत असेल. सुगी झाली, की तो दारात येऊन उभा राही. अंगात खाकी कोट, डोक्यावर टोपी, काखेत छडी, ओठावर काळीभोर मिशी आणि तोंडी पकडवॉरंटाची भाषा! पोरेसोरे माजघरात पळत, एखाद्या भोळ्या म्हातारीची बोबडी वळे. आणि घटकाभराने हाच फौजदार ओट्यावर टेकून पसाभर जोंधळ्यांसाठी झोळी पुढे करी. यातली मौज अशी, की हा बहुरूपी आहे हे साऱ्या गावाला आधीपासून ठाऊक असे. तरीही पहिल्या क्षणी छातीत धस्स व्हायचे ते होईच.

हे धस्स होणे कोणत्या जातीचे? त्याला फसवणूक म्हणावे, तर फसलेला माणूस मागाहून चिडतो. येथे तो हसतो आणि वर पसाभर धान्य देतो. म्हणजे वेष घेणारा आणि वेष पाहणारा या दोघांमध्ये काही एक करार झालेला असतो. वेष घेणारा जणू म्हणतो, "मी फौजदार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. घटकाभर तुम्ही मला फौजदार माना. तुमचे मानणे हास्यास्पद ठरणार नाही, एवढी काळजी मी घेतो." नटाच्या वेशभूषेचा आणि रंगभूषेचा इतिहास हा माझ्या मते या कराराचा इतिहास आहे. तो आज मी मराठी रंगभूमीपुरता, आणि त्यातही विशेषेकरून एका नटाच्या अनुषंगाने, आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रारंभी थोडे शास्त्र. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. यांतील आहार्य म्हणजे बाहेरून आणलेला, अर्थात वेष, अलंकार आणि रंग यांचा अभिनय. कपड्यालत्त्याला आणि रंगाला 'अभिनय' ही पदवी देणे ही साधी गोष्ट नव्हे. वेष म्हणजे अभिनयावर घातलेली झूल नव्हे, तो अभिनयाचाच एक अवयव आहे, असा याचा अर्थ होतो. पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा या चार मूळ रंगांच्या मिश्रणातून निरनिराळ्या पात्रांचे वर्ण कसे साधावेत, याचा विचारही त्या ग्रंथात आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुरुषाने स्त्रीची भूमिका घ्यावी तशी स्त्रीनेही पुरुषाची घ्यावी, याची दखल भरताने घेतली आहे. प्राचीन रंगभूमीवर स्त्रिया वावरत होत्या. तेव्हा स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवू नये हा आमच्याकडील निर्बंध शास्त्राने घातलेला नव्हता. तो समाजाने घातला होता. या मुद्द्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आता सांगलीकडे वळू. 1843 साली सांगली संस्थानात विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ केला आणि आधुनिक मराठी रंगभूमीचा प्रारंभ झाला, असे आपण मानतो. कर्नाटकातून आलेल्या यक्षगानाच्या खेळांचा वारा त्याला लागलेला होता. भाव्यांच्या नाटकांतील पात्रांची वाटणी देव, राक्षस आणि स्त्री अशी असे. सूत्रधार पद्ये म्हणे आणि पात्रे त्याला अनुसरून हावभाव व थोडे भाषण करीत. राक्षस येत ते आरडाओरडा करीत, तलवारींचे हात करीत. या खेळांना पुढे थट्टेने 'अलल्डुर्र' नाटके म्हणू लागले, ते त्यांच्याच आरोळीवरून. उजेड दिवट्या-हिलालांचा. त्यांवर राळेची पूड फेकली, की भडका उडे आणि त्या भडक्यात राक्षसाचे रंगवलेले तोंड क्षणभर उजळून पुन्हा अंधारात जाई.

अशा हलत्या, धुरकट उजेडात बारीकसारीक रंगकामाचा उपयोग काय? तेथे रंग ठसठशीतच हवा. तोंड काळे किंवा तांबडेलाल, भुवया जाड, डोळ्यांभोवती काजळाची वर्तुळे. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही राक्षस हा राक्षस म्हणून कळावा. ही रंगभूषा व्यक्तीची नव्हती, जातीची होती. रावण कोणता आणि कुंभकर्ण कोणता हे सूत्रधार सांगे. रंगाने फक्त 'हा राक्षस, हा देव' एवढे सांगायचे. तळकोकणातील दशावतारात ही परंपरा आजही नांदते आहे. काळ्या वेषातला संकासुर पाहिला, की मी काय म्हणतो ते सहज पटेल. तेथे नट आपले तोंड आपणच रंगवतो, आणि स्त्रीची भूमिकाही पुरुषच करतो.

1880 साली, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि या कराराची कलमे बदलली. आता रंगमंचावर बोलणारी, गाणारी, रुसणारी, लाजणारी माणसे आली. शकुंतला ही 'स्त्री' एवढेच सांगून भागेना. ती शकुंतलाच दिसली पाहिजे, आणि दोन वर्षांनी आलेल्या 'सौभद्रा'तली सुभद्रा तिच्याहून वेगळी दिसली पाहिजे. या दोन्ही भूमिकांत भाऊराव कोल्हटकरांनी लोकांना वेड लावले. पण त्यांच्याविषयी मला अधिक महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट. किर्लोस्करांच्या 'रामराज्यवियोगा'त हेच भाऊराव मंथरा झाले! ज्याच्या रूपावर आणि आवाजावर लोक लुब्ध होते, त्या नटाने कुबड्या दासीचे सोंग घेतले. रूपवान नट सुंदर दिसला तर त्यात रंगपटाचे कौतुक ते काय? रूपवान नट जेव्हा आपले रूप खुंटीला टांगून येतो, तेव्हा वेषाची खरी परीक्षा होते.

स्त्रीभूमिका पुरुषांनी करणे ही काही आमच्याच देशातली विचित्र चाल नव्हे. इंग्लंडमध्ये 1660 पर्यंत शेक्सपियरच्या नायिका मिसरूड न फुटलेली पोरे करीत. जपानात 1629 साली काबुकी नाटकांतून स्त्रियांना बंदी झाली आणि तेव्हापासून तेथे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची घराणीच निर्माण झाली. चीनमध्ये मेई लानफांग या नटाने आमच्याच काळात याच कलेवर जगभर कीर्ती मिळवली. इंग्रजांची एक आख्यायिका मोठी गमतीची आहे. दुसरा चार्ल्स राजा नाटकाला आला असता पडदा वर जाईना. राजेसाहेब तापले. तेव्हा व्यवस्थापकाने हात जोडून खरे कारण सांगितले, "महाराज, राणीसाहेबांची दाढी व्हायची आहे!" राजाही हसला, असे म्हणतात. हा विनोद आपल्याकडील कोणत्याही जुन्या नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात तसाच्या तसा शोभला असता.

पण विनोद बाजूला ठेवून विचारू, की ही दाढी लपायची कशी? स्त्रीभूमिका करणाऱ्या नटापुढे अडचणी केवढ्या होत्या त्या पाहा. गालांवर निळसर झाक, कंठमणी पुढे आलेला, खांदे रुंद, मनगट जाड, पाऊल मोठे आणि चाल धोपट. या प्रत्येकावर आमच्याच घरगुती पेहरावाने उपाय पुरवला. नऊवारी लुगड्याचा घोळ पावलांवर उतरतो, अंगावरून घेतलेला पदर खांद्याची रुंदी मोडतो, गळ्याशी घट्ट बसणारी चिंचपेटी कंठमण्यावर येते, कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्या मनगट बारीक दाखवतात आणि नाकातली नथ पाहणाराची नजर वरच्या ओठावर ठरू देत नाही. केसांना गंगावन जोडले, आंबाड्यावर फुले माळली, की मानेचा बाकही पालटतो. राहिला चेहरा. सफेद्यात थोडा तांबूस रंग मिसळून दाढीची झाक मारायची, डोळ्यांत काजळ, ओठांना लाली. पिवळ्या उजेडात फिकट तांबडा रंग निस्तेज दिसतो, म्हणून तो थोडा जास्तच घ्यावा लागे. पुढे विजेचे दिवे आले तेव्हा तोच रंग भडक दिसू लागला आणि रंगवणाराला आपला हात पुन्हा नव्याने बसवावा लागला. दिवा बदलला की चेहरा बदलतो, हे रंगपटातले पहिले व्यावहारिक सत्य होय.

मात्र एवढे सगळे केले तरी जे तयार होते ती स्त्रीवेष घेतलेला पुरुष, एवढेच. त्यातून स्त्री निर्माण व्हायची तर आणखी काही हवे. ते 'आणखी काही' ज्यांच्यापाशी सर्वांत अधिक होते, त्या नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्याकडे आता मी येतो.

बालगंधर्वांचा जन्म 1888 चा. 'बालगंधर्व' ही पदवी लोकमान्यांनी त्यांचे कोवळ्या वयातील गाणे ऐकून दिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत आले, आणि शकुंतलेपासून रेवतीपर्यंत, भामिनीपासून रुक्मिणीपर्यंत एकामागून एक नायिका त्यांनी उभ्या केल्या. 1913 साली त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांच्या गाण्याविषयी जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मी आज त्यांच्या वेषाविषयीच बोलतो.

12 मार्च 1911 रोजी मुंबईस खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी नारायणरावांची मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा असे भोवतालची मंडळी म्हणू लागली. नारायणरावांनी प्रयोग केला. त्यांच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून आपण ही कथा पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. पण तिच्याकडे रंगपटाच्या बाजूने पाहा. मुलगी गेलेला बाप आरशासमोर बसतो. डोळे पुसून त्यांत काजळ घालतो. गालांना लाली लावतो. श्रीमंत घरची, लाडावलेली, गरीब धैर्यधराला तुच्छ लेखणारी उपवर मुलगी त्याला व्हायचे आहे. या प्रसंगी वेष कोणाला लपवतो? प्रेक्षकांपासून बापाला, हे उघडच आहे. परंतु मला वाटते, त्या तीन-चार तासांपुरता तो बापाला त्याच्या स्वतःपासूनही लपवीत असावा. रंग लावणे ही ज्यांची रोजची भाकरी आहे, अशा नटांना हा आधार ठाऊक असतो. आम्ही प्रेक्षक मात्र त्याची किंमत क्वचितच मोजतो.

याच नाटकात पुढे भामिनी वनमाला या गरीब मुलीचा वेष घेते आणि धैर्यधर त्या वनमालेवर भाळतो. म्हणजे पुरुषाने स्त्रीचा वेष घ्यायचा, त्या स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचा वेष घ्यायचा, आणि प्रेक्षकाने या तिन्ही पदरांतून नेमके काय पाहायचे ते पाहायचे! हे साधते, कारण प्रेक्षक फसलेला नसतो. तो करारात सामील असतो.

बालगंधर्वांनी या करारात आपल्या बाजूने काहीही हातचे राखले नाही. खोटी जर आणि काचेचे हिरे यांवर इतर मंडळ्यांचे भागे. यांना खरे शालू, खऱ्या पैठण्या, उंची अत्तरे हवीत. या हौसेपायी मंडळी कर्जात बुडाली, पण वेषाचा दर्जा उतरला नाही. व्यवहारी माणूस याला उधळेपणा म्हणेल, आणि हिशेबाच्या वहीत तो उधळेपणाच होता. पण खऱ्या शालूचे वजन अंगावर पडले, की माणूस निराळा चालतो, निराळा बसतो, पदर निराळा सावरतो. रेशमाचा भाव प्रेक्षकाला पाचव्या रांगेतून कळत नाही. रेशीम नेसलेल्या माणसाचा भाव मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. परिणाम असा झाला, की घरंदाज स्त्रिया नाटकाहून परत येऊन पदर कसा घ्यावा, फुले कशी माळावीत, दागिने किती आणि कोणते घालावेत, हे बालगंधर्वांप्रमाणे करू लागल्या. जगाच्या इतिहासात असे नवल विरळा असेल, की एका प्रांतातील स्त्रियांनी शालीन शृंगाराचा पाठ एका पुरुषापासून घ्यावा!

आणि हे वैभव ऐन भरात असताना 1919 सालचा फेब्रुवारी महिना उजाडला. गडकरी जानेवारीतच गेले होते. त्यांचे 'एकच प्याला' गंधर्व मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व सिंधू. तीनच वर्षांपूर्वी 'स्वयंवरा'त रुक्मिणी होऊन ज्याने लोकांचे डोळे दिपवले, तो नट आता ठिगळांच्या लुगड्यात जात्याशी बसला. अंगावर दागिना नाही, फूल नाही. दारूपायी घर धुळीला मिळालेली, शेजारणीचे दळण दळून पोराच्या तोंडात घास घालणारी सिंधू! लोकांनी रुक्मिणीसाठी टाळ्या दिल्या होत्या. सिंधूसाठी ते रडले.

मला नेहमी असे वाटते, की बालगंधर्वांच्या सगळ्या शालूंचे सार्थक या एका फाटक्या लुगड्याने केले. कारण शालू सुंदर आहे म्हणून शालूतली बाई सुंदर दिसली, असे कोणी म्हणू शकले असते. ठिगळांच्या बाबतीत ते म्हणण्याची सोय नाही. येथे वेष भरजरी असण्याचा प्रश्न नव्हता, वेष खरा असण्याचा होता. सिंधूच्या घरात जे उरले नाही ते तिच्या अंगावरही उरू द्यायचे नाही, हा आहार्य अभिनय होय. भरताने त्याला अभिनय का म्हटले, याचे मराठीत याहून बोलके उदाहरण मला सापडलेले नाही.

यानंतर दोन वर्षांनी, 8 जुलै 1921 रोजी, मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था एका रंगमंचावर आल्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. केशवराव लहानपणी देवलांच्या शारदेच्या भूमिकेने नावारूपास आले होते, हे येथे लक्षात घ्या. एकेकाळची शारदा आता वीराच्या वेषात उभी आहे, आणि तिच्यासमोर दुसरा पुरुष शालू नेसून मान वेळावतो आहे. प्रेक्षागृहात बसलेल्या कित्येकांना या दोघांची पूर्वपीठिका पाठ आहे, आणि तरी त्या रात्री कोणाच्याही मनात प्रियकर-प्रेयसीवाचून दुसरे काही आले नाही. करार इतका दृढ होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव ऐन एकतिशीत निवर्तले.

पण हा करार ज्या उजेडावर आणि ज्या अंतरावर अवलंबून होता, ते दोन्ही बदलू लागले होते. 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. 1917 च्या 'लंकादहना'त तर राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंक्यांनीच केली. एकाच अंगाने वल्कले नेसून वनात जायचे, आणि त्याच अंगाने अशोकवनात त्याच रामाची वाट पाहायची! त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग काळा उमटे आणि निळा पांढुरका पडे. म्हणजे रंगभूमीवरची लाली पडद्यावर काजळीसारखी दिसायची. तेथे रंगपटाची विद्या मुळापासून नव्याने शिकावी लागली. आणि दुसरी गोष्ट: रंगमंचावर नट आणि प्रेक्षक यांच्यात अंतर असते, कॅमेरा ते अंतर ठेवीत नाही. तो अगदी तोंडाशी येऊन उभा राहतो आणि कंठमणी पाहतो.

या नव्या डोळ्यापुढे जुने नट कसे टिकले? दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवण्याजोगी आहेत. दोन्ही प्रभात कंपनीची. 1935 साली 'धर्मात्मा' या बोलपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हा पुरुषवेष त्यांनी पडद्यावर घेतला. गाणी लोकांना आवडली, परंतु लोक ज्याला शोधत होते तो नट त्यांना तेथे सापडेना, आणि नटालाही आपला प्रेक्षक सापडेना. समोर माणसे नाहीत, श्वास नाहीत, 'वन्समोअर' नाही. तो एक बोलपट करून ते प्रभातमधून बाहेर पडले आणि पुन्हा आपल्या रंगमंचाकडे, पुन्हा लुगड्याकडे परतले. 1936 साली त्याच प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. पागनीसही एकेकाळचे स्त्रीभूमिका करणारे नट. पण त्यांना तो वेष असा लागला, की पुन्हा उतरलाच नाही. चित्रपट मुंबईस वर्षाहून अधिक काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि महाराष्ट्रातील घराघरांत तुकोबांचा चेहरा म्हणजे पागनीसांचा चेहरा होऊन बसला. गळ्यात वीणा, हाती चिपळ्या, कपाळी गंध. रंग जवळजवळ नाहीच.

एकाच शाळेत शिकलेले हे दोन नट. दोघांनी स्त्रीवेष उतरवून संताचा वेष घेतला. एकाच्या अंगाला तो परका राहिला, दुसऱ्याच्या अंगाशी तो एकजीव झाला. यात कोण मोठा आणि कोण लहान, असा प्रश्नच नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की वेष नटाला शोधत येतो तसा नटही वेषाला शोधत जातो. आणि एकदा एकमेकांना सापडल्यावर ते वेगळे करणे नटाच्याही हाती उरत नाही. बालगंधर्वांनी पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीभूमिका केल्या. शरीर थकले होते, चेहऱ्यावर वय दिसत होते. ते पाहून कित्येक चाहते हळहळले, कित्येकांनी डोळे मिटून नुसते गाणे ऐकले. डोळे मिटून ऐकणे म्हणजे करारातला अर्धा भाग प्रेक्षकाने सोडून दिल्यासारखेच झाले. ज्या वेषाने नटाला सिंहासनावर बसवले, त्यानेच त्याला उतरू दिले नाही, ही या कथेतली करुण बाजू होय.

आता, प्रारंभी बाजूला ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. पुरुषाने स्त्रीचा वेष घेण्याची ही कला फुलली ती कोणत्या जमिनीत? समाजाने आपल्या लेकीसुनांना रंगमंचाची पायरी चढू दिली नाही, या जमिनीत. स्त्रियांनी पदर कसा घ्यावा हे त्या पुरुषाकडून शिकल्या, पण त्याच रंगमंचावर त्यांनी स्वतः पदर घेऊन उभे राहणे मात्र निंद्य! 1913 साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुरा'त दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी उभ्या राहिल्या, त्याचे मोल आज आपल्याला कळते. तेव्हा त्यांना बोलच ऐकावे लागले असतील. 1929 मध्ये हिराबाई बडोदेकरांनी आपली नाटक मंडळी काढली. 1933 साली नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. स्वतः गंधर्व मंडळीतही पुढे गोहरबाई कर्नाटकी आल्या. दार एकदम उघडले नाही, ते असे फळीफळीने निघाले.

मग बालगंधर्वांची कला ही स्त्रीच्या हिरावलेल्या जागेवर उभी होती, म्हणून ती टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. अन्याय समाजाचा होता. नटाने त्या अन्यायाच्या चौकटीत स्त्रीला थट्टेचा विषय होऊ दिले नाही. मिशा काढून लुगडे नेसले, की हशा पिकवणे फार सोपे असते. बालगंधर्वांनी तो सोपा मार्ग कधी घेतला नाही. त्यांनी रुक्मिणीला मान दिला आणि सिंधूला त्याहून अधिक दिला. आणि काळाने या प्रकरणाचा न्यायही मोठा सुरेख केला. जयमालाबाई शिलेदार आणि त्यांच्या कन्या कीर्ती यांनी गंधर्व गायकीचा वारसा चालवला आणि कीर्तीताईंनी 'स्वयंवरा'तली रुक्मिणी नव्या पिढीपुढे उभी केली. ज्या पुरुषाने स्त्रीचे रूप घेतले, त्याची गायकी स्त्रियांनी आपल्या कंठात घेतली. उसने नेलेले व्याजासह परत आले.

2011 साली 'बालगंधर्व' हा चित्रपट आला. त्यात सुबोध भावे हा आजचा नट आधी नारायणराव झाला आणि मग नारायणरावांच्या नायिका झाला. त्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना आणि रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ज्या रंगपटातल्या माणसांचे नाव पूर्वी जाहिरातीच्या कोपऱ्यातही येत नसे, त्यांच्या विद्येचा असा सन्मान झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मला अधिक विशेष वाटले ते हे, की शंभर वर्षांपूर्वीचा करार आजच्या प्रेक्षकानेही मान्य केला. अगदी जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्यासमोर, समोर पुरुष आहे हे माहीत असताना, चित्रपटगृहातील लोकांनी भामिनी पाहिली.

श्रोतेहो, नाटक संपते. पडदा पडतो, आपण चपला शोधतो, टांगा किंवा रिक्षा शोधतो. त्याच वेळी आत रंगपटात कोणीतरी आरशासमोर बसून खोबरेल तेलाच्या बोळ्याने तोंड पुसत असते. तेलाबरोबर राणी निघते, दासी निघते, राक्षस निघतो, आणि खाली एक दमलेला माणूस उरतो. पुढच्या वेळी आपण नाटकाला जाल तेव्हा त्या माणसाचीही आठवण ठेवा. त्याने आपल्याला फसवलेले नसते. घटकाभर आपण त्याला मानावे, एवढेच त्याने मागितलेले असते. आणि त्या मानण्याला शोभावे म्हणून तो स्वतःचे तोंड, स्वतःचे दुःख, क्वचित स्वतःच्या लेकराचे मरणसुद्धा, रंगाखाली ठेवून आलेला असतो.